थायरॉइडची गोळी सोयऱ्यांना सांगायची का?

पारोळा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा सारांश देते. मुलगी २४ वर्षांची, बी.एस्सी. झालेली, खासगी क्लासमध्ये शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी दीड-दोन महिने यायची नाही, आणि आली की आठ-आठ दिवस थांबायची नाही. वजन वाढत होतं, केस गळत होते. आधी 'पीसीओडी' (अंडाशयाच्या कामातला हार्मोनचा बिघाड) म्हणून औषधं झाली. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं : टीएसएच १४.६, टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडवरच उलटणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. तेव्हापासून रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी आहे आणि पाळी महिन्याच्या महिन्याला येते. शेवटचा टीएसएच ३.१ होता, त्याला आठ महिने झाले. आता शिरपूरकडचं चांगलं स्थळ चालून आलंय. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा विचार आहे. मुलीची मावशी म्हणते, "कसाले सांगस? येक गोयी त शे. लगीनपर्यंत बंद करी टाक." आईचे प्रश्न तीन : सांगितलं नाही तर चालेल का, गोळी चार-सहा महिने बंद ठेवली तर चालेल का, आणि थायरॉइडवालीला मूल राहत नाही हे खरं का?

ताई,

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन्ही प्रश्नांमागची भीती तिथेच आहे.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. ती जे हार्मोन बनवते ते शरीराच्या जवळजवळ प्रत्येक कामाला लागतं, पाळीलासुद्धा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून तिला कामाला लावते. शेतात मजूर ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड कमी पडली की टीएसएच वर जातो. तुमच्या लेकीचा १४.६ म्हणजे चढलेला आवाज होता. या ओढाताणीत मेंदूकडून निघणारा वरचा संदेशही वाढतो आणि त्याच्यासोबत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोनही वाढू शकतं. मग अंडं वेळेवर तयार होत नाही. अंडं सुटलं नाही की पाळी लांबते, आतलं अस्तर साचत राहतं, आणि पाळी आली की आठ-आठ दिवस धो-धो जाते. तिच्याबाबतीत नेमकं हेच झालेलं दिसतं.

पत्रातली पाळीची हकीकत वाचताना मला एका गोष्टीचा राग आला, तो इथेच काढून टाकते. अनियमित पाळी, वजन, केस एवढं ऐकलं की हल्ली पीसीओडीचा शिक्का मारून गोळ्या लिहून देतात. खरं तर पीसीओडी ठरवण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून बाजूला काढणं हा निदानाचाच भाग आहे. ज्या वाचक मुली आज पीसीओडीच्या गोळ्या घेताहेत त्यांनी आपल्या फाइलमध्ये टीएसएचचा कागद आहे का ते बघावं. नसेल तर पुढच्या भेटीत विचारावं.

गोळीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी जे कमी बनवते तेच. तुटवडा भरला, अंडं पुन्हा तयार व्हायला लागलं, पाळी रुळावर आली. मूल राहत नाही ही भीती तुमच्या घरात बसली आहे, आणि तुमच्या लेकीची पाळी गेली दोन वर्षं दर महिन्याला त्याच्या उलट साक्ष देते आहे. उपचार न घेतलेल्या, टीएसएच चढलेल्या बाईला गर्भ राहायला अडचण येते, राहिला तर गर्भपाताचा, दिवस भरण्याआधी बाळंतपणाचा धोका वाढतो, हे खरं. गोळी नीट चालू असलेल्या, टीएसएच ताब्यात असलेल्या बाईच्या बाबतीत मात्र मूल होण्याची शक्यता इतर बायकांसारखीच धरतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असल्याने गर्भपाताची शक्यता थोडी जास्त राहते, हेही लपवत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे वेळच्या वेळी तपासणी.

आता मावशींचा सल्ला. माणूस प्रेमाने बोलतो तेव्हाही चुकीचं बोलू शकतो, आणि या सल्ल्याचा भाग दुसरा मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो. गोळी बंद केली की लगेच काही होत नाही. या हार्मोनचा साठा शरीरातून सावकाश उतरतो, निम्मा व्हायलाच आठवडाभर लागतो. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मुलगी ठणठणीत असते आणि घरात सगळे म्हणतात, बघा, गरजच नव्हती. महिना-दीड महिन्याने टीएसएच चढलेला असतो. त्याच सुमाराला लग्न लागतं. आपल्याकडे लग्नानंतर चौथ्या महिन्यात गोड बातमी विचारायला सुरुवात होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम सुरू करते आणि अठरा-वीस आठवड्यांपर्यंत ते बऱ्याच अंशी आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. बाळाचा मेंदू घडण्याचा तो काळ. म्हणजे गोळी लग्नाच्या आधी-नंतर मिळून चार-सहा महिने बंद राहिली तर ज्या तीन-चार महिन्यांत गोळीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच महिन्यांत ती बंद असेल. तिच्या आकड्यांवरून आणि अँटीबॉडीवरून ही गोळी बहुधा कायमची आहे. चष्मा लागलेल्या मुलीला लग्नापुरता चष्मा काढायला सांगतात, ते एकवेळ परवडलं.

उरला पहिला प्रश्न. गोळी बंद करायची नाही, पण गुपचूप चालू ठेवायची, असा मधला रस्ता तुमच्याही मनात असेल. तो मी सहज मोडीत काढणार नाही. तिचं शरीर, तिचा रिपोर्ट. गावभर सांगायची काही गरज नाही. बायोडाट्यात 'थायरॉइड आहे' असं लिहायला मी कधीच सांगणार नाही, कारण बायोडाटा व्हॉट्सअॅपवरून दहा गावांत फिरतो. आणि 'पोरीत खोट आहे' हे वाक्य एकदा सुटलं की पुढच्या स्थळापर्यंत तेच आधी पोचतं, ही तुमची भीती खोटी नाही. मी ती रोज बघते.

पण गुपचूप गोळी सासरी कशी चालेल, त्याचं चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. नवी सून पहाटे उठते. पाणी भरायचं, सगळ्यांचा चहा ठेवायचा. गोळी घ्यायची रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. बाटली कुठे ठेवणार? पेटीत साडीखाली. घरात पाहुणे असले, कपाटाच्या खोलीत कुणी झोपलेलं असलं की त्या दिवशी गोळी नाही. घेतलीच तर घाईत चहाबरोबर, म्हणजे ती अंगी लागणार नाही. आणि एक दिवस बाटली कुणाच्या तरी हाती लागणार. रोज लपून गोळी खाणारी नवी सून दिसली की घरात पहिली शंका कसली येते? पाळणा लांबवायच्या गोळीची. मग थायरॉइडचा खुलासा कुणी ऐकून घेत नाही. एका साध्या गोळीचा विषय मुलीच्या खरेपणावर जातो, आणि तिथून तो परत आणायला वर्षं लागतात.

म्हणून माझं मत : नवऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला साखरपुड्याआधी कळलंच पाहिजे. बाकीच्या सोयऱ्यांना कळायची गरज नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट. तुमचं पत्र तीन पानांचं आहे. त्यात तुम्ही आहात, मावशी आहे, मुलाकडचे आहेत. तुमच्या लेकीचं एकही वाक्य नाही. ती चोवीस वर्षांची आहे, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते, दोन वर्षं स्वतःची गोळी स्वतः घेते. काय सांगायचं आणि कुणी सांगायचं, हे आधी तिला विचारा. ती म्हणाली, मी त्याच्याशी स्वतः बोलते, तर तेच सगळ्यात बरं. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांना दहा-पंधरा मिनिटं बोलायला बसवतातच, किंवा नंतर फोनवर. मध्यस्थाकरवी मात्र निरोप देऊ नका. त्याच्या तोंडी 'एक गोळी' निघते ती मुलाकडे पोचेपर्यंत 'मोठं दुखणं' होऊन जाते.

बोलायचं कसं? आवाज खाली करून, अपराध्यासारखं तर बिलकूल नाही. "मला थायरॉइड कमी आहे, रोज सकाळी एक गोळी असते, पाळी नियमित आहे, रिपोर्ट हे बघा." इतकंच. आई म्हणून तुम्ही विहीणबाईंशी बोलाल तेव्हाही एवढंच, आणि फाइल सोबत न्या. फक्त 'मूल होणारच, आमची खात्री' असं बोलून बसू नका. ती खात्री कुठल्याच मुलीबद्दल देता येत नाही, आणि कुठल्याच मुलाबद्दलही. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचंही कारण असतं. तपासायला मात्र आधी सुनेलाच नेतात. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणाला असलं काही नाही, तर हसून घ्या. भारतातल्या आठ शहरांत झालेल्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड कमी सापडली, बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. त्यातल्या अनेकांना ते तोवर माहीतच नव्हतं. सकाळी उठवत नाही, पाय सुजतात, आवाज घोगरा झालाय असं म्हणणारी एखादी काकू-आत्या त्यांच्याही घरात असेल, फक्त तिचं रक्त कुणी तपासलेलं नसेल.

रक्त तपासायचंच असेल तर सातपुड्याच्या या पट्ट्यात लग्नाआधी थायरॉइडपेक्षा महत्त्वाची तपासणी वेगळी आहे. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आजार. दोघेही वाहक (स्वतः ठणठणीत, पण दोष बाळाला देऊ शकणारे) निघाले तर दर गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत हा आजार आहे, आदिवासी समाजात जास्त. २०२३पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. दोन्हीकडच्यांनी मुलगा-मुलगी दोघांचंही रक्त तपासू असं ठरवलं तर बोलणं एकतर्फी राहत नाही, आणि मुलीकडच्यांची मानही खाली जात नाही.

आणि सांगितल्यावर स्थळ मोडलंच तर? मोडू शकतं. गोड बोलून तुमची समजूत काढणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल, मावशी म्हणतील, मी सांगत होते. पण रोजच्या एका गोळीवरून मागे फिरणारं घर पहिल्या गर्भपाताला, पहिल्या मुलीला कसं वागलं असतं, याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळाला असं मी म्हणेन. चाकणला नोकरी करणाऱ्या पोरांच्या कंपनीत, शेजारच्या खोलीत, कुणाच्या ना कुणाच्या बायकोची ही गोळी चालू असते. मुलगा तेवढा शहाणा असण्याची शक्यता तुम्ही धरता त्यापेक्षा जास्त आहे.

आता कामाच्या गोष्टी. या तुमच्या लेकीसाठी आहेत, तशा अशीच गोळी घेणाऱ्या सगळ्यांसाठीही.

आठ महिन्यांपूर्वीच्या ३.१वर विसंबू नका, या आठवड्यात टीएसएच करून घ्या. एरवी ३.१ चांगला, पण मूल होऊ द्यायचं असेल तेव्हा गोळी घेणाऱ्या बाईचा टीएसएच २.५च्या खाली असलेला डॉक्टरांना हवा असतो. त्यामुळे डोस थोडा वाढवतील. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासायचं, म्हणजे लग्नाआधी एक फेरी आरामात होते. त्याच भेटीत फॉलिक अॅसिडचंही विचारून घ्या, ते दिवस जाण्याआधीपासून घ्यायचं असतं.

पाळी चुकली की आठ दिवस वाट बघायची नाही. घरी तपासणी करायची, आणि दोन रेघा आल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गरोदरपणात या हार्मोनची गरज चौथाई ते निम्म्याने वाढते, आणि ती सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढायला लागते. अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की त्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायच्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. तुमच्या डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते लग्नाआधीच फाइलवर लिहून घ्या, कारण दिवस गेल्याचं कळेल तेव्हा ती शिरपूरला असेल की चाकणला, कोण जाणे. त्यानंतर निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. आशाताईंना सांगून माता-बाल संरक्षण कार्डावर 'थायरॉइडची गोळी चालू' हे ठळक लिहून घ्यायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, तिथेही हे आपणहून सांगायचं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं पुष्कळ होतं.

गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या थायरॉइडच्या गोळीसोबत पोटात गेल्या तर थायरॉइडची गोळी शोषली जात नाही. मध्ये चार तास जाऊ द्यायचे. सगळ्या गोळ्या सकाळी एकदाच तोंडात टाकून मोकळं व्हायची आपल्या बायकांची सवय इथे नडते. सकाळ फारच धावपळीची असेल तर रात्री झोपताना, जेवणाला तीन तास झाल्यावर घेतली तरी चालते. नव्या सुनेला तर ते जास्त सोयीचं पडावं. फक्त जी वेळ ठरेल ती पाळायची आणि डॉक्टरांना सांगायची.

उपासाला ही गोळी बंद करायची नसते. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली तर उपास मोडतो असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, घेऊन मोकळं व्हा. हरतालिकेचा निर्जळी उपास धरलाच तर राहिलेली गोळी केव्हा घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. एखाद्या दिवशी चुकली म्हणून घाबरायचं कारण नाही, साठा असतो.

तुम्ही लिहिलंय की थायरॉइडसाठी कोबी बंद केला आणि घरात सैंधव मीठ सुरू केलं. उलटं करा. शिजवलेला कोबी, फुलकोबी बेताने खायला हरकत नाही. सैंधवात, तसंच पापड-लोणच्याच्या खड्या मिठात, आयोडीन पुरेसं नसतं. रोजच्या वापराला आयोडीनयुक्त मीठच हवं, गरोदर बाईला तर आयोडीन इतरांपेक्षा जास्त लागतं. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी यांचं थायरॉइडशी काही वैर नाही. शेवभाजीच्या तर्रीबद्दल वजनकाटा काय म्हणतो, तो वेगळा विषय. 'थायरॉइड मुळापासून बरा' म्हणणारी पावडर मात्र नको. समुद्री शेवाळाची असेल तर त्यात आयोडीन बेसुमार असतं आणि अँटीबॉडी असलेल्यांचं त्याने बिघडू शकतं.

ही गोळी उष्णतेने आणि दमटपणाने कमजोर होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. खिडकीत, गॅसच्या ओट्याच्या वर, गाडीच्या डिकीत बाटली ठेवू नका; घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यानंतर डोस न बदलताही टीएसएच चढलेला दिसला तर डॉक्टरांना बाटली कुठे होती हेही सांगा.

ज्यांचा टीएसएच नुसता पाच-सहा आला आहे आणि टी-फोर नॉर्मल आहे, त्यांनी हे वाचून स्वतःला आजारी समजू नये. एवढी वाढ कधी कधी आपोआप उतरते, म्हणून घाई नसेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. दिवस गेलेले असतील किंवा जाऊ द्यायचे असतील तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. बाळंतपणानंतरच्या वर्षात फार थकवा, धडधड, उदासपण आलं तर तेव्हाही थायरॉइड तपासा. 'बाळंतिणीला असं होतंच' म्हणून ते सोडून देतात. आणि ज्यांची थायरॉइड जास्त आहे, कमी नाही, त्यांच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांतली काही औषधं गरोदरपणाच्या सुरुवातीला बदलावी लागतात, त्यामुळे त्यांनी दिवस राहू देण्याआधीच डॉक्टरांना भेटायला हवं.

ताई, तुमच्या लेकीला हे पान वाचायला द्या. तिला काही विचारायचं असेल, किंवा माझं म्हणणं पटलं नसेल, तर तिने स्वतः लिहावं.